लिआहाखची धार आणि सह्याद्रीचा सराव

प्रश्न : मी चिपळूणचा रहिवासी, वय पंचावन्न. थंडीच्या दिवसांत सह्याद्रीतील घाटवाटा नेमाने चढतो-उतरतो. मुलगी एडिनबरोला असते. जूनमध्ये तिच्यासोबत स्कॉटलंडच्या टॉरिडन भागातील लिआहाख या डोंगराची पूर्ण धार चालण्याचा विचार आहे. छायाचित्रांत तो आपल्या सह्याद्रीसारखाच थराथरांचा दिसतो. तो हिमनदीने घडवला म्हणजे नेमके काय, आणि आमचा सराव तेथे कितपत कामी येईल?

उत्तर : दिसण्यातले साम्य खरे आहे, त्यावर विसंबणे मात्र धोक्याचे ठरेल. सह्याद्रीचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आहेत, तर लिआहाखचा तांबूस वालुकाश्म नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा, सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीचा. (जुना वालुकाश्म आधी हाताळून पाहायचा असेल, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात काही ठिकाणी कलादगी श्रेणीचे खडक उघडे पडलेले आहेत.) आपले कडे पावसाने आणि नद्यांनी कोरले. लिआहाखच्या उत्तर अंगाला मात्र बर्फ साचून हिमगव्हरे, म्हणजे बर्फाने कोरलेले वाटीसारखे खोलगट भाग, तयार झाली आणि त्यांच्या मागच्या भिंती झिजत झिजत माथ्याकडे सरकल्या. दक्षिणेला मोठ्या हिमनदीने दरी खोल केली. दोन्हीकडून पोखरल्यावर मधे उरली ती ही अरुंद धार, म्हणजेच भूगोलाच्या पुस्तकातले शुककूट. तेथील शेवटचा बर्फ सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी वितळला.

रस्ता समुद्रसपाटीपासून फारसा उंच नसल्याने १,०५५ मीटरच्या मुख्य शिखरापर्यंतचा चढ जवळजवळ पूर्णच पायांनी चढावा लागतो. हा दम तुमच्याकडे असणारच. खरी परीक्षा पुढे, हे शिखर आणि १,०२३ मीटरचे मुलाख अन राहिन यांच्यामध्ये असलेल्या ‘आम फासारिनेन’ या सुळक्यांवर आहे. कोरडा वालुकाश्म खरखरीत असतो, बूट चांगला धरतो. पण त्याचे कोपरे गोलसर झिजलेले असल्याने हाताला खाच मिळेलच असे नाही. सुळके टाळण्यासाठी दक्षिणेकडून एक आडवी पायवाट आहे. ती सोपी वाटते, परंतु जागोजागी ढासळलेली असून खाली सरळ कडा आहे, त्यामुळे काही जाणकार माथ्यावरूनच जाणे पसंत करतात.

आपल्याकडे दोन कातळटप्प्यांमधल्या गवतावरून आडवे जाऊन उतरायला नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, शोधण्याची सवय असते. ती सवय चिपळूणलाच ठेवून जावे. तेथे वरून पाहताना फक्त गवताच्या पायऱ्या दिसतात, त्यांच्या मधले कातळ दिसत नाहीत, आणि चार-पाच पायऱ्या उतरल्यावर माणूस अडकतो. धारेच्या मधल्या भागातून सुरक्षित उतार जवळजवळ नाहीच.

जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा वेळेची घाई नसते; वाऱ्याची आणि पावसाची मात्र पाहणी करूनच निघावे. हातापायांनी कातळ चढण्याचा सराव नसल्यास स्थानिक वाटाड्या घ्यावा. ते जमत नसेल, तर दरीतून फक्त मुलाख अन राहिन चढून त्याच वाटेने परत यावे. त्यात सुळके लागत नाहीत आणि माथ्यावरून सगळी धार नीट पाहता येते.