येळवसला स्वेटरवाल्यांना शेतात न्यावं का?

प्रश्न: ताई, आमच्या गल्लीत दरवर्षी दिवाळी झाली की तिबेटी स्वेटरवाले खोली भाड्यानं घेऊन राहतेत, संक्रांतीच्या आसपास जातेत. यंदा एक बाई, तिचा नवरा अन् म्हातारी सासू आलीय. पोरं त्यांना चिनी चिनी म्हणून चिडवायलेत, बायका फक्त भाव पाडायला बोलतेत. मला वाटायलंय येळवसला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतातल्या सणाला, त्यांना शेतात जेवायला न्यावं, पण सासूबाई म्हणायल्यात, ते काय काय खातेत कुणास ठाऊक, आपल्या भांड्यात नको. अन् त्यांना आपलं ताकातलं आंबट आंबिल अन् शेंगाभाज्यांची भज्जी जाईल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर: न्या की! येळवसला लातुरात बाजारात चिटपाखरू नसतं, सगळं गाव शेतात, ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी गाडीवर बसवून नेतंच, मग ते तिघं त्या दिवशी स्वेटर मांडून कुणाची वाट बघणार?

आधी पोरांचं बघा. दलाई लामा 1959 ला भारतात आले आणि त्यांच्या मागं हजारो लोक आले, ते चीनच्याच राज्यातून जीव वाचवून, त्यांना चिनी म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. आता जे स्वेटर विकतेत त्यातले बरेच इथंच जन्मलेत, तरी कित्येकांकडं अजून परदेशी म्हणून नोंदणीचा कागद असतो. कर्नाटकात बायलकुप्पे, मुंडगोडला त्यांच्या मोठ्या वसाहती आहेत, आपल्या गोंदिया जिल्ह्यातही एक आहे. बायलकुप्प्याकडं पावसाच्या भरवशावर मका करतात, मका निघाला की हातात काम नाही, म्हणून लुधियानाचा माल घेऊन गावोगाव. म्हणजे कोरडवाहू शेतकरीच ना! शेतात तुमच्या घरच्यांशी बोलायला विषय शोधावा लागणार नाही, हिंदी येतेच त्यांना.

भांड्यांचं म्हणाल तर मी जालन्याची. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं आमच्याकडंही वसली, सिंधी बाजार आहेच. शेजारच्या सिंधी काकू कढी पाठवायच्या, भाजलेल्या बेसनाची, चिंचेची, त्यात शेवगा-भेंडी आणि ताकाचा थेंब नाही. आजी वाटी परत करायची, वर म्हणायची ताक नाही तर कढी कसली. हे किती तरी महिने चाललं. मग एकदा काकूच आमच्या चुलीपाशी येऊन बसल्या, मला भाकरी शिकवा म्हणाल्या, आणि ज्वारीची भाकरी काही त्यांना थापता येईना, दर वेळी परातीतच मोडायची. आजी हसून हसून बेजार. त्या दिवशी आजीनं स्वतःहून कढी मागितली बरं का! पुढं त्यांचं दालपकवान आमच्या घरचं झालं, काकूंची भाकरी मात्र शेवटपर्यंत जाडच.

म्हणून म्हणते, नुसतं पंगतीला बसवून पोळी वाढू नका, तसं पाहुण्यालाही करतो आपण. त्या बाईला आदल्या रात्रीच घरी बोलवा, पिठाचे उकडायचे उंडे वळायला, भज्जीच्या शेंगा सोलायला. आणि विचारा, तुझं काय करायचं? मोमो म्हणाली तर कोबी-गाजर-कांद्याचे करायला सांगा, मटण नको हे स्पष्ट सांगा, त्यात लाजायचं काय, म्हणजे तुमच्या भांड्यात मटण शिजणार नाही आणि सासूबाईंचाही प्रश्न मिटला. उंडे उकडायची चाळणी चालते त्याला. चुण्या घालायला सासूबाईंनाच बसवा, मोदकाचा हात असलेल्या बाईला मोमो अवघड नाही, फक्त आपण तळतो आणि त्या उकडतात. सोबत लाल मिरचीची चटणी करतेत त्या, आपल्या ठेच्याला लाजवेल अशी.

म्हातारीला सातूचं पीठ दाखवा. त्यांचा त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठच, चहात कालवून हातानं मळून खातात. आपल्याकडं पण सातू आहे म्हटल्यावर बघा तोंड कसं फुलतंय.

आंबिल मात्र पहिल्यांदा अर्धाच पेला द्या. तोंड वाकडं केलं तरी वाईट वाटून घेऊ नका, मी त्यांचा लोणी-मिठाचा चहा पहिल्यांदा पिले तेव्हा कप तसाच कुंडीत ओतला होता.