पाट्यांची कुरकुर

प्रश्न : जुन्या पिकअपच्या मागच्या पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) पॉलियुरेथेनचे बुश, म्हणजे सांध्यात बसणारे गादीसारखे गोल तुकडे, बसवले. महिन्याभरातच प्रत्येक स्पीडब्रेकरला कुरकुर सुरू झाली. मेकॅनिक म्हणतो, साधं ग्रीस मारा. मारू का? पुढच्या आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुशही बदलायचे आहेत.
– एक वाचक, हडपसर

उत्तर : वंगण हवंच, पण घट्ट सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस पावसाळ्यात लवकर धुऊन जातं. शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा दुवा) सोडवा, पाट्याच्या डोळ्यातला, म्हणजे टोकाच्या गोल भोकातला, गंज १२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा आणि बुशची आतली बाजू, स्लीव्ह (बुशमधली धातूची नळी) व कडेच्या कॉलरला, म्हणजे बुशच्या बाहेर आलेल्या काठाला, ग्रीसचा पातळ थर लावा. कॉलर शॅकलच्या पट्टीवर घासते. कुरकुर बहुतेक वेळा तिथूनच येते आणि नेमकी तीच कोरडी राहते. नाना पेठेत, पुण्यातल्या स्पेअर पार्टच्या बाजारात, बुशचं किट घेताना नवी स्लीव्ह सोबत आहे ना, बघा. जुन्या, चरे पडलेल्या स्लीव्हवर नवा बुश टिकत नाही.

रबरी बुशचं गणित उलटं. तिथे ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नको, रबर फुगून मऊ पडतं. बसवताना साबणाचं पाणी पुरतं. हातोड्याने ठोकू नका. बाहेरच्या कडेवर टेकेल असा सॉकेट घेऊन व्हाइसमध्ये दाबा. रबर स्लीव्हला चिकटवलेलं असतं, ते घसरत नाही, पिळतं. म्हणून गाडी जॅकवर असताना नट फक्त हाताने लावा. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी थोडी दाबून-सोडून मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कने (दिलेल्या जोराने) आवळा. लटकत्या आर्मवर आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.