आधी माणूस लिही

पोरी,

तुझी बारा पानं वाचली. यंत्रमागवाल्यांसाठीच्या ॲपचं पाच वर्षांनंतरचं चित्र म्हणून तू चाळीस कलमं मांडली आहेस. सुताचा साठा, पगार, जीएसटी, व्यापाऱ्यांची उधारी, आणि शेवटी ‘वस्त्रोद्योगाचं डिजिटल परिवर्तन’. माणूस मात्र कुठेच नाही. ‘नेमकं आधी काय बांधू?’ असं विचारतेस. आधी सांग, कोणासाठी?

वस्त्रोद्योग हे उत्तर नव्हे. वस्त्रोद्योग फोन उचलत नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडवर टॉवेलचे बारा-सोळा माग चालवणारा कारखानदार धर. सूत उधारीवर, विक्रीही उधारीवर, मजुरी मात्र वेळच्या वेळी रोख द्यावी लागणारा. माग थांबला की त्याचं नुकसान सुरू होतं. आता माग का थांबतो ते बघ. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटतात, नक्षी उठवणारं जकार्ड बिघडतं, वीज जाते, माग दुरुस्त करणारा जॉबर दुसऱ्याच मागावर अडकलेला असतो. टेरी टॉवेलच्या मागाला दोन बीमं, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ, लागतात, एक जमिनीच्या, म्हणजे खालच्या सपाट कापडाच्या, ताण्याचं आणि एक पाईलचं, म्हणजे वरच्या फाशांचं. टॉवेलवर उभे राहणारे ते फासे विणायला पाईलचं सूत जमिनीपेक्षा कितीतरी पट लांब लागतं, म्हणून त्याचं बीम बहुधा आधी संपतं, आणि दुसरं भरून तयार नसलं की माग तसाच उभा राहतो. तुझ्या आराखड्यात या सगळ्यासाठी ‘माग बंद’ असं एकच बटण आहे. बंद होता हे त्याला आवाजावरूनही कळतं गं! का बंद होता, हे त्याला हवं आहे.

म्हणून मी असं लिहीन: ‘पाच वर्षांनी सोलापूरच्या छोट्या कारखानदाराला कुठला माग किती वेळ आणि कशामुळे थांबला हे वही न उघडता त्याच संध्याकाळी कळेल, आणि उद्या तो त्याच कारणाने थांबू नये याची तयारी आदल्या रात्रीच झालेली असेल.’ यात स्क्रीन नाही, सेन्सर नाही, एआय नाही. ते पाच वर्षांत तीनदा बदलतील. माग थांबला की होणारी तगमग बदलणार नाही.

आणखी एक माणूस तू विसरलीस. पैसे कारखानदार देणार, पण नोंद करणार जॉबर. नोंदीवरून आपलीच मजुरी कापली जाईल असं त्याला वाटलं, तर तो दर वेळी ‘वीज गेली’ हेच दाबेल आणि तुझे सगळे आकडे खोटे ठरतील. त्याच्या पदरात काय पडणार हे त्याच पानावर लिही. कोणासाठी, हा प्रश्न इथेही पाठ सोडत नाही.

टाटा नॅनो आठव. स्कूटरवरून भिजत जाणारं चौघांचं कुटुंब सुरक्षित, कोरडं जावं, हा मूळ विचार. माणूस स्पष्ट होता. 2008 मध्ये गाडी लोकांसमोर आली तेव्हा मात्र सगळ्यांच्या तोंडी एक लाखाची किंमतच राहिली, आणि ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ दारात उभी करायला तेच कुटुंब कचरलं. विचार चुकीचा नव्हता, बोलताना माणूस गळला आणि आकडा उरला. तुझ्या पहिल्या पानावर ‘दरमहा फक्त 499’ आहे. काढ ते.

मसुदा झाला की तीन कसोट्या लाव. प्रत्येक वाक्य उलटं करून वाच. ‘आम्ही दर्जेदार सेवा देऊ’ याच्या उलट कुणीच म्हणणार नाही, म्हणजे ते वाक्य पोकळ. मग पाच जणांना वाचून दाखव, त्यात दोन कारखानदार आणि एक जॉबर हवाच. दुसऱ्या दिवशी कागदाशिवाय काय आठवतं ते विचार. पाच जणांनी पाच वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर पुन्हा लिही. तिसरी कसोटी ॲमेझॉनमधली: वस्तू बनवण्याआधी तिची बातमी लिहायची, ती बाजारात आली आहे असं धरून. बातमीत कारखानदाराच्या तोंडी घालायला तुला एकही खरं वाक्य सुचलं नाही, तर अजून त्याला नीट भेटलेली नाहीस.

मग ‘आम्ही हे करणार नाही’ अशी यादी कर. सुताची खरेदी-विक्री नाही, कर्ज नाही, जीएसटी रिटर्न नाही. इथेच तू ढिली पडशील, मला माहीत आहे. एखादा मोठा गिऱ्हाईक रोख पैसे पुढे करून म्हणेल, ‘फक्त माझ्यासाठी एवढं करून द्या.’ पहिल्यांदा हो म्हणालीस की तुझं उत्पादन संपलं. दुसऱ्याच्या डिझाइनवर मजुरीने विणणाऱ्या मागासारखी तुझी गत. लोक मला यावरून हट्टी म्हणतात, गिऱ्हाईक घालवतो म्हणतात. घालवतो. चांगली उत्पादनं फर्माइशींखाली दबून मेलेली पाहिली आहेत, त्याची हळहळ अजून जात नाही, म्हणून इथे मी नमणार नाही.

चित्र बदलायचंच नाही असं नाही. कारखानदाराची अडचण तीच नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी बदल. एका गिऱ्हाइकाच्या मागणीसाठी नको. तीन महिन्यांचं काम वेगळ्या कागदावर ठेव, त्याच्या तारखा या पानावर आणू नकोस. आणि मोजायला एकच आकडा: दर मागामागे आठवड्याला किती तास बंद. आधी वीस कारखान्यांतला आजचा आकडा वहीत घे, नाहीतर पुढे काय सुधारलं हे कशावरून सांगणार?

रविवारपर्यंत एक पान पाठव. वर तो कारखानदार, खाली जॉबर, मग ‘करणार नाही’ची यादी. चाळीस कलमं सोबत जोडलीस तर मी उघडणार नाही.