पाचवीच्या मुलांना शब्दनिवड शिकवायला लहान मुलांची चित्रपुस्तकं चालतील का?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरपूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीचा वर्ग, घरी अहिराणी (खानदेशातली बोली) किंवा पावरी (पावरा आदिवासींची भाषा) बोलणारी मुलं. निबंध दिला की ‘खूप छान’, ‘खूप सुंदर’, ‘खूप मजा आली’ यापलीकडे गाडी सरकत नाही. कुणीतरी सुचवलं की गोष्टीच्या चित्रपुस्तकांतून शब्दनिवड शिकवा. पण पहिली-दुसरीची पुस्तकं पाचवीच्या पोरांना बालिश वाटतील आणि अभ्यासक्रम मागे राहील, ही तुमची धास्ती.

मी यावल तालुक्यात पाचवी ते सातवीला मराठी शिकवते आणि दरवर्षी ही पुस्तकं वर्गात वापरते. बिनधास्त वापरा. शब्दनिवडीपुरतं बोलायचं तर पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा मला ती जास्त कामाची वाटतात. चित्रपुस्तकाच्या पानावर तीन-चार वाक्यं मावतात. म्हातारी कशी दिसते, घर कौलारू आहे की पत्र्याचं, आभाळ भरून आलंय का, हे सगळं चित्रच सांगून टाकतं. त्यामुळे लेखकाला विशेषणं वापरायची फारशी गरज उरत नाही. क्रियापद मात्र नेमकंच लागतं. दोन पानी धड्यात असा शब्द गर्दीत हरवतो, इथे तो मुलांच्या डोळ्यांसमोर येतो.

बालिशपणाची शंका पालकांनाही असते, म्हणून एक आधार देते. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी १९८८ साली इंग्रजीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या वापरातले दहा हजार शब्द बाजूला ठेवले, तर उरलेले कमी वापरातले शब्द कुठे किती येतात ते त्यांनी मोजलं. मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे असे सुमारे ३१ शब्द निघाले. पदवीधर माणसांच्या आपसातल्या गप्पांत सुमारे १७. अगदी शाळेत जायच्या वयाआधीच्या चिमुकल्यांच्या पुस्तकांतही सुमारे १६, म्हणजे जवळजवळ त्या मोठ्यांच्या गप्पांइतकेच. हे आकडे इंग्रजीचे आहेत, मराठीला जसेच्या तसे लावू नयेत. पण पुस्तक लहानांचं म्हणून त्यातले शब्दही किरकोळ असतील हा समज त्यातून नक्की ढळतो. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या शिक्षकांनी १९८० च्या दशकात लेखन तपासायची एक पद्धत बसवली. विचार, मांडणी, लेखकाचा सूर, शब्दनिवड, वाक्यांचा ओघ आणि लेखननियम असे सहा गुण ते वेगवेगळे बघायचे. ती पद्धत पुढे पसरली आणि तिथल्या शिक्षकांनी एकेक गुण दाखवायला चित्रपुस्तकंच हाताशी धरली. मला त्यातली एक गोष्ट फार पटते: एका वेळी एकच गुण बघायचा. शब्दनिवडीच्या तासाला ऱ्हस्व-दीर्घ काढत बसायचं नाही.

आता आपल्याकडे शब्द शिकवायचे म्हणजे काय, तर समानार्थी शब्दांची यादी पाठ करून घ्यायची. पाऊस, पर्जन्य, वर्षा. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि मग निबंधात ‘आमच्या वावरात पर्जन्य पडला’ असं वाक्य येतं. त्यात पोराचा दोष नाही. त्याला तीन शब्द मिळाले, पण कुठला कुठे बसतो हे कुणी दाखवलंच नाही. त्याच पोराला पाऊस भुरभुरतो, रिपरिप लागून राहतो, झड लागते, सर येऊन जाते, धो धो कोसळतो, झोडपून काढतो हे सगळं कानाने माहीत असतं. जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या घरातलं पोर आहे ते, त्याला पावसाचे प्रकार आपण काय शिकवणार? हे शब्द लिहायला चालतात, एवढीच खात्री त्याला द्यायची असते. ती खात्री छापील पुस्तक देतं. छापलेलं दिसलं की मुलांचा विश्वास बसतो.

मी तास कसा घेते ते सांगते. पहिल्या दिवशी पुस्तक फक्त वाचते. पूर्ण, चित्रं दाखवत, मध्ये एकही प्रश्न न विचारता. ‘या शब्दाचा अर्थ काय रे?’ असं दर पानाला विचारलं की गोष्ट मरते, आणि मेलेल्या गोष्टीतले शब्द कुणी उचलत नाही. दुसऱ्या दिवशी एकच पान घ्यायचं. पुस्तकाची प्रत एकच असेल तर ते पान फळ्यावर लिहायचं आणि एक क्रियापद गाळून तिथे रेघ ओढायची.

समजा वाक्य असं आहे: ‘बाजारातून येताना आजी पारावर ____.’ मुलं सांगतील ते सगळं फळ्यावर लिहायचं. बसली, थांबली, झोपली, दमली, आणि कुणी अहिराणीत ‘बसनी’ म्हणालं तर तेही. अमुक चूक, तमुक बरोबर असं काही म्हणायचं नाही. मग मूळ शब्द लिहायचा: ‘टेकली’. आणि विचारायचं, ‘बसली’ लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? सुरुवातीला वर्ग गप्प राहतो. अशा वेळी मी एका मुलीला दप्तर घेऊन पुढे बोलावते आणि म्हणते, टेकून दाखव. ती बाकाच्या कडेला अर्धवट बसते, दप्तर खांद्यावरच. आता विसावून दाखव. दप्तर खाली येतं, पाठ मागे रेलते. बसकण मार. दप्तर धाडकन पडतं. फतकल मारून बस. वर्ग हसतो, कुणीतरी सांगतं की माझी आजी अशीच बसते. उकिडवी बस. दबा धरून बस. ठिय्या मारून बस, कुणी उठवलं तरी उठू नको. एवढं झाल्यावर परत विचारायचं की पारावरच्या आजीला घाई आहे का? मागे एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, टेकली म्हणजे ती लगेच उठणारे. तिला घरी जाऊन सैपाक करायचाय.’ सैपाकाचं त्या पानावर काही नव्हतं. एका क्रियापदावरून तिने आजीची सगळी संध्याकाळ ओळखली होती. मला या तासातून जे हवं असतं ते हेच.

असंच चालण्याचं करता येतं. रखडत, लगबगीने, तुरुतुरु, दबकत, झपाझप, रमतगमत. बोलण्याचंही: पुटपुटणं, खेकसणं, कुजबुजणं, विनवणं, बडबडणं. शरीराने केलेला शब्द मुलं विसरत नाहीत. पावरी बोलणाऱ्या मुलांना तर याचा फार उपयोग होतो, कारण मराठीतून मराठीचा अर्थ सांगण्यापेक्षा तो डोळ्यांनी दिसतो. त्यांना त्यांच्या भाषेतला शब्दही विचारा आणि तोसुद्धा देवनागरीत फळ्यावर लिहा. तुम्हाला तो येत नसेल तर आणखी चांगलं, त्या दिवशी मूल शिकवेल आणि तुम्ही शिकाल.

घरच्या बोलीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण खानदेशात शब्दनिवड शिकवायची तर हा मुद्दा टाळताच येत नाही. आपल्याकडे मूल शाळेत आलं की पहिलं काय शिकतं, तर घरचं बोलणं अशुद्ध आहे. मग ते जपून लिहायला लागतं. जे चुकणार नाही तेच लिहितं, आणि ‘छान’ कधी चुकत नाही. शब्द नाहीत म्हणून मुलं ‘छान’ लिहितात असं मला वाटत नाही. असलेले शब्द बाहेर काढायची भीती वाटते म्हणून लिहितात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) कधी शाळेत गेल्या नाहीत, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतातल्या, घरातल्या बोलीत त्यांनी गाणी रचली, मुलगा सोपानदेव यांनी ती जपली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. आज अख्खा महाराष्ट्र ती पाठ म्हणतो. जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. हे मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि मुलांना मनापासून सांगते की तुमच्या आजीचे शब्द तुमच्या वहीत आले तर मला आनंद होईल. पुण्या-साताऱ्याच्या मुलाला एखादा शब्द कळणार नसेल तर तो काढायचा नाही, शेजारचं वाक्य असं लिहायचं की त्यातून अर्थ लागेल.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वहीतला नमुना देते. विषय होता आमचे शेत. त्याने आधी लिहिलं होतं: ‘आमची केळीची बाग खूप छान आहे. तिथे खूप केळी आहेत. मला बागेत जायला खूप आवडते.’ मी ‘छान’वर लाल गोल केला नाही. एवढंच म्हटलं की जिथे ‘आहे’ लिहिलंस तिथे काय घडतं ते सांग. दोन दिवसांनी आलं ते असं: ‘बाग निसवायला लागली की बाबा घरी थांबत नाहीत. रात्री लाईट आली की बॅटरी घेऊन ठिबक सुरू करायला जातात. वावटळ आली की पानं टराटरा फाटतात आणि आई दारातूनच बागेकडे बघते.’ यात अवघड शब्द एकही नाही. ‘निसवणे’ (केळीला घड बाहेर पडणे) त्याने घरून आणला, ‘टराटरा’ मागच्याच आठवड्यात वाचलेल्या गोष्टीतून उचलला. मुख्य म्हणजे ‘खूप’ आपोआप गळालं, ते काढ असं मला सांगावं लागलं नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की विशेषणांपासून सुरुवात करू नका. ‘छान’ला पर्याय शोधायला लावलं की मुलं ‘रमणीय’, ‘नयनरम्य’, ‘अप्रतिम’ आणतात, आणि ते सगळे शब्द गाईडमधले असतात. गाईडमधलं ‘डोंगराच्या कुशीत वसलेलं माझं टुमदार गाव’ तापीकाठच्या सपाट काळ्या जमिनीवरच्या पोराच्या वहीत मी इतक्यांदा वाचलंय की आता वाईट वाटतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि पोर लिहितं ‘उन्हाळ्यात वाऱ्याची मंद झुळूक येते’. आधी क्रियापद, मग नाम (झाड नको, निंब की बाभूळ ते लिही), आणि विशेषण सगळ्यात शेवटी.

पुस्तकं कुठून आणायची? शाळेच्या कपाटात शोधा, बऱ्याच शाळांत पुस्तकं आलेली असतात आणि फाटतील या भीतीने कुलपात असतात. ती काढा, फाटली तर चिकटवता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं पातळीनुसार लावलेली आहेत, ती उतरवून घेता येतात, छापताही येतात. तिथली बरीच पुस्तकं भाषांतरित आहेत, त्यामुळे वर्गात नेण्याआधी एकदा मोठ्याने वाचून बघा. जिभेला अडखळलं तर ते पुस्तक शब्दनिवडीसाठी घेऊ नका. शेवटी तात्पर्य सांगणारी पुस्तकंही मी या तासाला टाळते. मुलांचं लक्ष तात्पर्याकडे जातं, कारण परीक्षेत तेच विचारतात.

एक अडचण नक्की येईल, तेव्हा घाबरू नका. नवे शब्द सापडले की मुलं ते कोंबायला लागतात. ‘आई लगबगीने झपाझप तुरुतुरु चालत गेली.’ हे होऊ द्या. काही आठवडे जाऊ द्या, मग तेच वाक्य त्या मुलाला वर्गात वाचायला सांगा आणि बाकीच्यांना त्याप्रमाणे चालून दाखवायला सांगा. तीन चाली एकदम चालता येत नाहीत, हे त्यांचं त्यांनाच कळतं. मग विचारा, तुझी आई त्या वेळी कशी चालत होती? उरलेले दोन शब्द मूल स्वतः खोडतं. त्या खोडण्याबद्दल त्याला शाबासकी द्या, नवा शब्द आणल्याबद्दल देता त्याहून जास्त.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यातला एक तास पुरतो, आणि त्यात नवा निबंध लिहून घ्यायचाच नाही. जुन्या वहीतलं एक वाक्य निवडायचं, तेवढंच बदलायचं. संपूर्ण निबंध सुधारायला लावलं तर मूल थकतं आणि पुन्हा गाईड उघडतं. परीक्षेसाठी वेगळं काही करावं लागत नाही. तपासणारा एकसारखे गठ्ठे तपासत असतो, त्यात आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावर किंवा खानदेशातल्या कानबाईच्या सणाच्या रोटांवर स्वतःच्या शब्दांत लिहिलेली चार ओळींची नोंद आली तर तो थांबून वाचतो. तुमचा पहिला तास आखाजीवरच घ्या असं मी सुचवेन. झोक्याचं चित्र असलेलं कुठलंही पान शोधा, क्रियापद झाका आणि मुलींना आधी बोलू द्या. हेलकावणं, हिंदकळणं, झोका चढवणं, दोरी करकरणं, यातलं काय काय फळ्यावर येतं ते बघा.