फोंड्यातल्या आमच्या सीए ऑफिसच्या नॅसमध्ये (सगळ्यांच्या फाइली नेटवर्कवर एकत्र ठेवणारं यंत्र, NAS) नॅसच्याच कंपनीच्या महाग डिस्क घालाव्यात की दुसऱ्या कंपनीच्या चालतील?

दुसऱ्या कंपनीच्या बिनधास्त घ्या, फक्त त्या नॅससाठीच बनवलेल्या असाव्यात आणि नॅसच्या सुसंगत डिस्कच्या यादीत त्यांचा नेमका मॉडेल नंबर असावा. मी गोव्यात लहान ऑफिसांचे संगणक सांभाळतो आणि माझ्या मते खरा फरक पडतो तो सपोर्टमध्ये. यादीबाहेरची डिस्क असली की बिघाडाच्या वेळी नॅसवाले डिस्ककडे बोट दाखवतात, डिस्कवाले नॅसकडे. सीगेट आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडी रेड प्लसला ३ वर्षांची वॉरंटी असते, आयर्नवुल्फ प्रोला ५. पण पैसे देण्याआधी डिस्कवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर घालून वॉरंटी भारतात लागू आहे का ते पाहाच. परदेशातून आणलेला स्वस्त माल इथेच अडकतो. शिवाय खराब डिस्क कुठे जमा करायची, पणजीत की थेट गोव्याबाहेर कुरियरने, हे दुकानदाराला आधीच विचारा. एसएमआर डिस्क (डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) टाळा, खराब डिस्क बदलल्यावर RAID (अनेक डिस्क मिळून केलेला संच) पुन्हा बांधताना त्या फार रखडतात. २०२० मध्ये साध्या डब्ल्यूडी रेडमध्ये हे तंत्र न सांगता वापरल्याचं उघड झालं होतं. एक अपवाद: नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीने आपल्या २०२५ च्या प्लस मॉडेलांवर बाहेरच्या डिस्कना बंधनं घातली होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये डीएसएम ७.३ ने (सिनॉलॉजी नॅसची कार्यप्रणाली) सैल केली. तसं मॉडेल असेल तर आधी अपडेट करा. आणि वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, अशिलांचा डेटा नाही. त्याचा बॅकअप वेगळा ठेवा.