वॉलप : घोडा, हंडी आणि धपाटा

प्रश्न : गावच्या फुटबॉल फायनलला आमची टीम 5-0 ने हरली आणि इंग्लिश बातमीत 'वॉलप्ड' असं छापून आलं. म्हणजे नेमकं काय? मित्र म्हणतो वॉलप नावाचा कोणी इंग्रज आरमारी सरदार होता, त्याच्यावरून हा शब्द पडला. खरं का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : अर्थ सरळ आहे, धोपटलं, बदडून काढलं. बोलण्यातला शब्द. टपली मारली तर तो वॉलप नाही, पाठीत सणसणीत धपाटा बसला तर वॉलप, आणि मॅचमध्ये समोरच्याचा पार धुव्वा उडवला तरी तेच.

मित्राची गोष्ट मात्र टिकत नाही. सर जॉन वॉलप होता, इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीचा माणूस, 1514 मध्ये त्याने फ्रान्सच्या किनाऱ्यावर गावं जाळली हेही खरं. पण मारण्याचा अर्थ लिखाणात दिसायला लागतो तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मग मधली तीनशे वर्षं हा शब्द कुठे दडून बसला होता? आणि त्याचं आडनाव तर हॅम्पशायरमधल्या वॉलप नावाच्या गावांवरून आलेलं.

खरं मूळ घोड्यापाशी आहे. उत्तर फ्रान्सच्या बोलीत भरधाव दौडण्याला 'वालोपे' म्हणायचे, बाकी फ्रेंचमध्ये 'गालोपे', इंग्लिशने दोन्ही उचलले, म्हणजे वॉलप आणि गॅलप हे सख्खे भाऊच. असा व आणि ग चा फरक गोव्यात आपल्या ओळखीचा आहे, इंग्लिशमधला विल्यम पोर्तुगीजमध्ये गिलेर्म होतो ना, तसंच हे.

पुढे दौडायचं काम गॅलपकडे गेलं आणि वॉलप चुलीवर आला! खळखळून आवाज करत उकळणं, हा त्याचा पुढचा अर्थ. उकड्या तांदळाची पेज रटरटायला लागली की झाकण थडथड उडतं, कडेने फेस येतो, ते सगळं एका शब्दात. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे 'पॉटवॉलपर'. इंग्लंडमधल्या काही बरोंमध्ये, म्हणजे पार्लमेंटवर प्रतिनिधी पाठवणाऱ्या शहरांमध्ये, ज्या पुरुषाची स्वतःची चूल आहे, स्वतःची हंडी उकळते, त्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क असायचा आणि अशा मतदाराला हे नाव. मूळ शब्द 'पॉटवॉलर', त्यातलं 'वॉल' म्हणजे उकळणं, ते लोकांच्या तोंडी वॉलप झालं. 1832 च्या सुधारणा कायद्यानंतर असे नवे मतदार होणं बंद झालं.

उकळण्याच्या त्या धडधडीतूनच जड, आवाज करत हलणं असा अर्थ आला असावा, आणि तिथून जोरात हाणणं.

वापरायचा तर मित्रांत, खेळाच्या गप्पांत वापरा, पोलिसांत द्यायच्या तक्रारीत नको. आणि फेणी पहिल्याच घोटाला डोक्यात गेली तर तिलाही इंग्लिशमध्ये वॉलप आहे असं म्हणतात, तिथे मारामारीचा काही संबंध नाही.