‘मॅडम, मोमेंट आला की हात थांबतो’

पहिल्या सेमिस्टरची परीक्षा जवळ आली, की समुपदेशक म्हणून माझ्याकडे हेच वाक्य घेऊन मुलं येतात. (मोमेंट म्हणजे एखाद्या बिंदूभोवती फिरवण्याची बलाची ताकद.) पुढचं वाक्यही ठरलेलं : “मी इंजिनिअरिंगला चुकून आलोय का?” त्यातल्याच एकाची ही गोष्ट, ओळख पुसून.

मेकॅनिक्समध्ये केटी लागलेली, म्हणजे विषय राहिलेला; वडिलांचं तालुक्याला गॅरेज. पहिल्या दोन-तीन भेटी ‘माझं डोकंच चालत नाही’ यातच गेल्या. मग मी म्हटलं, “मला शिकव. माझं गणित दहावीला सुटलं.”

त्याने आकृती काढली. ओ बिंदूपासून 3 मीटर उजवीकडे, 2 मीटर वर, तिथे 100 न्यूटनचं बल, उजवीकडे वर, आडव्या रेषेशी 60 अंशांत. “ओपासून अंतर 3.6, म्हणून मोमेंट 360. पुस्तकात 160 आहे. दर वेळी असंच होतं.”

“हे बल काय फिरवतंय?”

“फिरवतंय?” सूत्र पाठ होतं, पण हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

“गॅरेजमध्ये नट निघत नसेल तर काय करता?”

“पान्याच्या दांड्यावर पाइप चढवतो. लांबून जोर लागतो.”

“आणि दांड्याच्याच रेषेत ओढलं तर?”

तो हसला. “नट कसा फिरेल, मॅडम?” आणि गप्प झाला. मीही गप्प राहिले. अशा वेळी बोलायचं नसतं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. त्याने बलाची रेषा मागे वाढवली, ओपासून तिच्यावर लंब टाकला : खरं अंतर हे, 3.6 नव्हे. मग बलाचे दोन तुकडे केले. उभा 86.6, 3 मीटरवर : घड्याळाच्या उलट 260. आडवा 50, 2 मीटरवर : घड्याळाच्या दिशेने 100. वजाबाकी 160. “हे तर व्हॅरिग्नॉनचं प्रमेय! तुकड्यांच्या मोमेंटची बेरीज म्हणजेच अख्ख्या बलाचा मोमेंट. पाठ आहे मला.”

माझ्या मते भीती विषयाची नसते; एका चुकीच्या पायरीचा ठपका मूल अख्ख्या स्वतःवर ठेवतं. म्हणून ‘मला येत नाही’ऐवजी ‘अंतर चुकलं की चिन्ह?’ असं विचारा. सूत्राआधी ओवर बोट टेकवा, प्रत्येक तुकडा कुठे फिरवेल ते डोळ्यांनी बघून बाण काढा. रेषा ओमधूनच जात असेल तर शून्य लिहून मोकळे व्हा. आधारांची प्रतिक्रिया, म्हणजे आधार वस्तूवर उलट लावतात ती बलं, काढायची असेल, तर जिथून जास्तीत जास्त अज्ञात बलं जातात तोच बिंदू घ्या. (ही शेवटची युक्ती त्याचीच, मी फक्त ऐकली.)

महिन्याभराने तो दारात डोकावला. “मॅडम, आता फ्रिक्शनमध्ये एक पायरी अडलीय.”

“कुठली?” मी खुर्ची पुढे सरकवली.